पीएचपीत लॉगिन झालेल्या युजरची सगळी माहिती सेशनमध्ये ठेवावी की फक्त आयडी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लॉगिननंतर युजरचं नाव आणि रोल प्रत्येक पानावर कसा मिळवायचा, कारण दुसऱ्या पानावर गेलं की नाव कोरं येतंय. आणि तुमचे सीनियर म्हणतात की डेटाबेसमधली युजरची अख्खी ओळ सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन टिकेपर्यंत सर्व्हरवर त्या युजरपुरती ठेवलेल्या माहितीत, टाकून मोकळा हो, ते बरोबर आहे का. पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्याचं मी देतो, कारण अगदी हेच वाक्य मी एका सरांकडून ऐकलंय आणि माझ्या बाजूनं तो वाद अजून मिटलेला नाही.

पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो. पीएचपी आणि मायएसक्यूएल, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. लॉगिन झालं की युजर टेबलमधली पूर्ण ओळ सेशनमध्ये जायची: नाव, शाखा, रोल, पासिंगची (व्हाउचर मंजूर करायची) मर्यादा, अगदी पासवर्डचा हॅशसुद्धा. मी म्हटलं, सेशनमध्ये नुसता आयडी ठेवू आणि बाकीचं दर रिक्वेस्टला डेटाबेसमधून आणू. सर म्हणाले, "दर पानाला क्वेरी? सर्व्हर झोपेल." विषय संपला.

पीएचपीत सेशनची मुदत मुळात १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची असते. जेवून परत आल्यावर क्लार्कचं अर्धवट भरलेलं व्हाउचर उडायचं म्हणून आमच्याकडे ती वाढवून दिवसभराची केलेली. वर डॅशबोर्ड दर मिनिटाला रोख शिल्लक विचारत बसायचा, त्यामुळे पान उघडं असेपर्यंत सेशन मरायचा प्रश्नच नव्हता.

एका संस्थेच्या संचालक मंडळानं एका अधिकाऱ्याचा पासिंगचा अधिकार काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयातून स्क्रीनवरची टिक काढली, डेटाबेसमध्ये रोल बदलला, सगळं रीतसर. पण साहेब शाखेत दहालाच लॉगिन करून बसलेले. त्यांच्या सेशनमध्ये जुनाच रोल. मेनूत बटण दिसतंय, दाबलं की व्हाउचर पास होतंय, मग ते तरी कशाला थांबतील? त्यांना कुणी फोनही केला नव्हता. संध्याकाळी दिवसअखेर झाली, रोजकीर्द जुळली, कुणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१च्या लेखापरीक्षणात. लेखापरीक्षकांनी टेबलावर ठरावाची प्रत ठेवली आणि शेजारी आमच्याच सॉफ्टवेअरच्या लॉगची प्रिंट. अधिकार काढल्याची नोंद सकाळी साडेअकराच्या सुमाराची. त्याच पानावर खाली, दुपारी चारनंतर, त्याच माणसाच्या लॉगिननं मुदतठेव मोडल्याचं व्हाउचर पास. दोन्हींखाली पेन्सिलनं रेघ. "यातलं खरं कुठलं धरायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. पैसे कुठं गेले नव्हते, ठेवीदार खरा होता, सही खरी होती. तरी शेरा बसायचा तो बसलाच, आणि त्याचा दोषदुरुस्ती अहवाल देताना व्यवस्थापकांच्या नाकी नऊ आले.

यावर सरांचा उपाय काय? "रोल बदलला की त्यांना लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगायचं." म्हणजे ज्याचा अधिकार काढलाय त्यालाच विनंती करायची की बाबा, तेवढं बाहेर जाऊन ये. तो गृहस्थ सरळ होता म्हणून निभावलं. नसता, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता ते सर्व्हर झोपण्याचं. प्रायमरी कीवरून, म्हणजे आयडीवरून, एक ओळ आणायला मायएसक्यूएलला काही वाटत नाही. आमच्याच डॅशबोर्डवर प्रत्येक शाखेची शिल्लक लूपमध्ये वेगवेगळ्या क्वेरीनं यायची, तेव्हा सर्व्हरची दया कुणाला आली नव्हती. आणि सेशन काय फुकट असतं? नेहमीच्या सेटिंगमध्ये ती डिस्कवरची फाइल असते, दर रिक्वेस्टला उघडायची, वाचायची, काही बदललं असेल तर परत लिहायची. शिवाय रिक्वेस्ट चालू असेपर्यंत ती लॉक असते. एका टॅबमध्ये तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता) काढायला टाकली की त्याच युजरचा दुसरा टॅब गोल फिरत बसायचा. सर त्याला "नेट स्लो आहे" म्हणायचे. मोठा रिपोर्ट काढताना सेशनमधून हवं ते वाचून झालं की सेशन तिथंच बंद करा, हा त्रास जातो.

माझं ऐकू नका, मोठ्यांचं बघा. जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क सेशनमध्ये युजरचा आयडी आणि पडताळणीपुरत्या एकदोन गोष्टी ठेवतं, युजर लागेल तेव्हाच डेटाबेसमधून आणतं. खातं निष्क्रिय केलं की पुढच्या रिक्वेस्टला माणूस बाहेर. पासवर्ड बदलला की त्याची इतर ठिकाणची सेशनंही बाद होतात. पीएचपीचं फ्रेमवर्क लारावेल, तेही सेशनमध्ये मुळात आयडीच ठेवतं.

तर तुमच्यासाठी: लॉगिन यशस्वी झालं की आधी सेशन आयडी (सेशन ओळखायची खूण) नवा करून घ्या, जुना तसाच ठेवू नका. सेशनमध्ये युजरचा आयडी टाका. एक कॉमन फाइल करा, तिच्यात सेशन सुरू करा, आयडीवरून युजर आणा, तो सक्रिय नसेल तर लॉगिन पानावर हाकला. ती फाइल प्रत्येक पानाच्या अगदी पहिल्या ओळीला जोडा. नाव कोरं येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: दुसऱ्या पानावर सेशन सुरूच केलेलं नसतं, किंवा त्याआधी एखादी रिकामी ओळ ब्राउझरकडे गेलेली असते. रोलची तपासणी व्हाउचर पास करणाऱ्या कोडमध्ये हवी. नुसतं बटण लपवून काही होत नाही.

नाव आणि भाषेची निवड सेशनमध्ये ठेवलीत तर आभाळ कोसळणार नाही, नाव तासभर जुनं दिसलं म्हणून लेखापरीक्षक विचारायला येत नाही. खरोखर प्रचंड ट्रॅफिक असेल तर रोल रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या झटपट साठ्यात) थोडा वेळ ठेवा, फक्त रोल बदलणाऱ्या स्क्रीननं ती नोंद त्याच क्षणी पुसली पाहिजे. आणि कुणी सुचवेल की सेशन सोडा, जेडब्ल्यूटी (युजरची माहिती आतच भरून सही केलेलं टोकन) घ्या, तर त्यात रोल भरून दिलात की पुन्हा तेच दुखणं, उलट वाढीव. सेशन निदान सर्व्हरवर आपल्या हातात असतं, दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत मागे घ्यायचं तर वेगळी यादी सांभाळावी लागते.

एवढं करूनही नाव कोरं राहिलं तर ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ब्राउझरनं जपलेली सेशन आयडीची नोंद, बघा. लॉगिन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि पुढचं पान त्याशिवाय उघडत असेल, तर कुकी एका पत्त्यावर बसते आणि तुम्ही शोधताय दुसऱ्यावर.