नेटफ्लिक्स यायच्या आधीच शटर उतरलं होतं

प्रश्न : आमच्या काकांची सिडकोत 1986 पासून व्हिडिओ लायब्ररी होती. ती बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण माळ्यावर दीडशे कॅसेटी अजून पडून आहेत. माझा मुलगा म्हणतो, नेटफ्लिक्सनेच आजोबांचा धंदा बसवला. खरंच तसं आहे का? आणि या कॅसेटींचं करायचं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मारेकरी शोधायचा तर आधी वेळ तरी जुळायला हवी. नेटफ्लिक्स आपल्याकडे आलं जानेवारी 2016 मध्ये. तोवर काकांचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा म्हणतो ते अमेरिकेत बरंचसं खरं आहे. तिथं नेटफ्लिक्सने 1998 पासून डीव्हीडी टपालाने घरपोच दिल्या, पुढे उशिराचा दंडही ठेवला नाही, आणि 2007 पासून सिनेमा थेट इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. ब्लॉकबस्टर ही भाड्याने कॅसेटी देणारी तिथली बडी साखळी. तिने सप्टेंबर 2010 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे मात्र धंदा मारला तो गल्लीतल्याच माणसाने. अशोकस्तंभाजवळ माझंही दहा बाय आठचं दुकान होतं, म्हणून सांगतो. कॅसेट दिवसाला दहा रुपये. रिवाइंड न करता परत आणली तर दोन रुपये जादा, आणि त्यावरून भांडण ठरलेलं. शनिवारी व्हीसीपी, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, आणि रंगीत टीव्ही रिक्षात घालून पंचवटीत पोचवायचा. रात्रभरात तीन पिक्चर, सकाळी आठला माल परत.

1990 च्या सुमारास एक पोरगा रोज संध्याकाळी नवा पिक्चर न्यायला लागला. पैसे रोख, कटकट नाही, कॅसेट कायम रिवाइंड केलेली. असं गिऱ्हाईक देवाने द्यावं, असं मला वाटायचं. महिन्याभराने कळलं, की तो केबलवाला. माझीच कॅसेट रात्री दहाला व्हीसीआरवर लावून, गच्च्यांवरून ओढलेल्या वायरीतून दोनशे घरांना दाखवत होता. ती घरं पूर्वी माझ्या काउंटरवर यायची. बरं, तक्रार कुणाकडे करणार? माझ्याकडच्या तरी निम्म्या कॅसेटी कुठे रीतसर होत्या!

1992 मध्ये झी टीव्ही आलं. मग व्हीसीडी, म्हणजे सिनेमाच्या सीडी आल्या, तेव्हा वाटलं, दिवस पालटले. नवे रॅक केले. पण 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीच्या अस्सल व्हीसीडी 28 रुपयांत विकत मिळायला लागल्यावर पंधरा रुपये भाडं कोण देणार? वर्षभरात मी गाळा सोडला.

आता कॅसेटींचं. सिनेमांच्या कॅसेटींचे पैसे येतील ही आशा सोडा. लेबल नसलेल्या तेवढ्या आधी बाजूला काढा. लोक चुकीच्या डबीत चुकीची कॅसेट घालून परत करायचे. गंगापूर रोडच्या एका घरातली लग्नाची कॅसेट माझ्याकडे मारधाडीच्या पिक्चरच्या डबीतून आली आणि पुढे तीन घरं फिरून आली. चौथ्या बाईंनी आणून काउंटरवर आपटली : “पंगत संपत आली, हिरो कुठाय?”

कॅसेट उजेडात धरून तिच्यावरच्या छोट्या खिडकीतून टेपची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. मशीनचं टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. बाकीच्या उभ्या ठेवा, माळ्यावर नकोत, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते. कामाच्या आहेत त्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडून लवकर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण आता कॅसेटपेक्षा चालू मशीन दुर्मिळ झालंय. जपानची फुनाई कंपनी व्हीसीआर बनवत होती, तिनेही जुलै 2016 मध्ये ते थांबवलं.

आणि कुणाचं लग्न सापडलं, चेहरे ओळखू येत नसले, तर काकांची वही शोधा. नाव, पत्ता, अनामत, सगळं तिच्यात असेल. कुणाची अनामत द्यायची राहिली असेल, तर तेही.