आधी ‘म्हणून’ शोध

वाई तालुक्यातल्या एका अकरावी कला शाखेच्या विद्यार्थिनीचं पत्र: ‘तर्कशास्त्राच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ मिळाले. पदांची नावंच लक्षात राहत नाहीत. तर्कशास्त्र जमणारे सगळे हुशार असतात, मी हुशार नाही, म्हणून मी तर्कशास्त्र जमणाऱ्यांतली नाही. विषय बदलू का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडेल.’

अगं, विषय बदलायचं नंतर बघू. नाही जमत म्हणतेस आणि पत्रात अख्खं निरुपाधिक संविधान लिहून पाठवतेस! (हे संविधान म्हणजे राज्यघटना नव्हे, तर दोन आधारविधानं आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष. या शब्दापाशी दरवर्षी कुणीतरी अडतंच.)

पदं वरून खाली शोधू नकोस. आधी ‘म्हणून’ शोध. त्याच्यापुढे निष्कर्ष असतो. निष्कर्षाचं उद्देश्य ते पक्षपद, इथे ‘मी’. विधेय ते साध्यपद, ‘तर्कशास्त्र जमणारे’. निष्कर्षात नाही पण आधीच्या दोन्ही विधानांत आहे ते मध्यपद, ‘हुशार’. साध्यपद असलेलं आधारविधान ते साध्यविधान, पक्षपद असलेलं ते पक्षविधान. आधी कोणतं लिहिलंय याला काही अर्थ नाही, आणि मुलांचे मार्क जातात ते नेमके इथेच: पहिलं वाक्य दिसलं की साध्यविधान लिहून मोकळी.

आता मध्यपदाची गंमत बघ. वाईहून महाबळेश्वरला जाणाऱ्या सगळ्या एसटी पसरणी घाट चढतात. ही एसटी पसरणी घाट चढते. म्हणून ही महाबळेश्वरला जाणार? बसून बघ, पाचगणीलाच उतरवतील. घाट चढणाऱ्या सगळ्या गाड्यांबद्दल दोन्ही विधानं काहीच बोलत नाहीत, म्हणजे ‘घाट चढणाऱ्या गाड्या’ हे मध्यपद कुठेच व्याप्त नाही. हा अव्याप्त मध्यपदाचा दोष.

तुझ्यात तो नाही. ‘मी हुशार नाही’ म्हणताना तू सगळ्याच हुशारांतून स्वतःला बाहेर काढलंस, म्हणजे मध्यपद व्याप्त झालं. तुझं संविधान वैध आहे, म्हणजे आधारविधानं मानली तर निष्कर्ष निघतोच! खोटं आहे ते साध्यविधान. मला तर्कशास्त्र जमतं, आणि आमच्या घरी मला हुशार कुणी म्हणत नाही.

बाबांचं खरं आहे. बँकांच्या परीक्षेत रीझनिंगमध्ये हे प्रश्न येतात. तिथे पदांची नावं कुणी विचारत नाही, प्रत्येक पदासाठी एक वर्तुळ काढून कोण कशात बसतं ते बघितलं तरी भागतं. कॉलेजात मात्र नावं लागतील.

दुसऱ्या चाचणीपर्यंत विषय बदलू नकोस, पण बदलाची मुदत कधी संपते ते ऑफिसात विचारून ठेव. तोवर हे सोडव: ‘बँकेच्या परीक्षेला उपयोगी असलेले सगळे विषय शिकण्यासारखे असतात. तर्कशास्त्र बँकेच्या परीक्षेला उपयोगी आहे.’ निष्कर्ष तू लिही, आणि मध्यपदाखाली रेघ ओढून पाठव.