पाठ धरली म्हणून पलंग धरू नका

प्रश्न : वय २८, राहतो मुलुंडला, नोकरी फोर्टला. पहाटे कंबर इतकी आखडते की मोजे बहीण घालून देते. दुपारपर्यंत मोकळा होतो. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज येण्याच्या आजाराचं निदान झालंय, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह. आई म्हणते, नोकरी सोड, वर्षभर पडून राहा. डॉक्टर बायोलॉजिक (सूज वाढवणारे प्रतिकारशक्तीतले घटक रोखणारं) इंजेक्शन सुचवताहेत. बहिणीचं लग्न ठरतंय, तिचीही बी२७ चाचणी करावी का?

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा जीव तुटतो हे कळतं, पण सल्ला उलटा आहे. तुमच्या कण्याच्या तळाशी, कमरेच्या सांध्यांत सूज आहे, आणि हे दुखणं पडून राहिलं की वाढतं, हालचालीनं उतरतं. दुपारी बरं वाटतं ते त्यामुळेच. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या अशा रुग्णांना मी हेच सांगते : उठल्यावर गरम पाण्याची अंघोळ, मग व्यायाम, दीर्घ श्वसनासकट, कारण बरगड्यांचे सांधेही आखडतात. उंच उशी काढून टाका. कालिदास नाट्यगृहाच्या आवारात पालिकेचा तलाव आहे, पोहायला लागा. सिगारेट असेल तर आजच बंद. आणि लोकलमध्ये तिघांच्या बाकावरची ती चौथी सीट! अर्धं अंग बाहेर, कंबर तिरकी. त्यापेक्षा उभे राहा.

इंजेक्शनला घाबरू नका, पण आधी सूज उतरवणाऱ्या किमान दोन प्रकारच्या गोळ्या पुऱ्या डोसनं घेऊन पाहिल्या का, ते डॉक्टरांना विचारा. सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी झालीच पाहिजे : शरीरात दडून बसलेला टीबी या औषधांनी डोकं वर काढू शकतो, आणि आपल्या मुंबईत तो दुर्मीळ नाही. खर्चाचं म्हणाल, तर यांपैकी ॲडॅलिमुमॅब हे इंजेक्शन २०१४ पासून भारतातही बनतं.

या आजारात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, तर केमिस्टकडचे थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

बहिणीला काही त्रास नसेल तर चाचणी नको. बी२७ असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. उगाच एक कागद तिच्या पत्रिकेला जोडला जाईल. मात्र तिचीही कंबर पहाटे अशीच धरू लागली, तर ‘बायकांची कंबर दुखतेच’ म्हणून सोडून देऊ नका. बायकांमध्ये याचं निदान आधीच उशिरा होतं.