वाच म्हटलं की पोटात दुखतंय

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं
या वेळी: प्राथमिक शाळेतलं वाचणं आणि लिहिणं

प्रश्न: मॅडम नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा मुलगा गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणतो खरं बोट भलत्याच ओळीवर असतंय, आणि दुसरं काही वाचायला दिलं की गप्पच बसतो. वाचायला बस म्हटलं की पोटात दुखतंय, मोबाईल दिला की दुखायचं थांबतंय. शेजारचे म्हणतात इंग्लिश मीडियमला घाला, आपोआप सुधारेल. काय करू?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका आणि घरात कुणालाही त्याला ढ म्हणू देऊ नका. पोटात दुखतंय ते दरवेळी नाटक नसतं, जे येत नाही तेच रोज सगळ्यांसमोर करायला लावलं तर मोठ्या माणसाच्या पण पोटात गोळा येतो की. आणि तो एकटा नाहीये. खेड्यातल्या मुलांना वाचता-लिहिता किती येतं ते बघणाऱ्या असर पाहणीचा 2024 चा अहवाल बघा, देशातल्या खेड्यापाड्यांत तिसरीच्या शंभर मुलांतल्या साधारण 27 जणांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला. म्हणजे बाकीची 73 मुलं तुमच्या लेकाच्याच बाकावर बसलीयत.

धडा पाठ आहे याचा अर्थ त्याचं डोकं चांगलं आहे, कान तयार आहे, अडलंय ते अक्षरांपाशी. नेमकं कुठं अडलंय ते तुम्ही घरीच बघू शकता. त्याच्या धड्यात नसलेले पण घरात रोज कानावर पडणारे शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. बटाटा, रताळं, कपाट, विहीर, पिशवी, चुलता, म्हैस, कुत्रं. रागवायचं नाही, घाई करायची नाही. बटाटा आणि कपाट वाचलं आणि विहिरीला अडला तर अक्षरं येतात, वेलांटीचा घोळ आहे. पिशवीपर्यंत आला आणि म्हैस बघून थांबला तर जोडाक्षरं राहिलीत. बटाट्यालाच थांबला तर मुळाक्षरंच कच्ची आहेत. जे कच्चं आहे तेवढंच धरायचं, परत अ अननसापासून सुरू करू नका, तिसरीतल्या पोराला त्यात फार कमीपणा वाटतो.

मुळाक्षरंच कच्ची निघाली तर सगळी बाराखडी घोकून घेण्याच्या मागं लागू नका. फलटणला मॅक्सिन बर्नसन बाईंनी मुलांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं, त्यांच्या पद्धतीतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे थोडीच अक्षरं घ्यायची, त्यातच काना मिसळायचा आणि लगेच शब्द वाचायला लागायचं. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, माल, लाल, कमाल एवढं सगळं होतं. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या तोंडून 'लाल' बाहेर पडतं आणि ते त्याला कळतं, घोकलेल्या बाराखडीत तसं काही कळण्यासारखं नसतंच.

हे झालं दहा मिनिटांचं काम. आता खरं महत्त्वाचं सांगते. रात्री जेवणं झाली की त्याला जवळ घेऊन तुम्ही वाचा. तुम्ही वाचायचं, त्यानं ऐकायचं, बोट ओळीखालून फिरवत राहायचं. मधेच 'सांग बघू हे अक्षर कुठलं' करायचं नाही, शेवटी 'यातून काय शिकलास' तर अजिबात विचारायचं नाही, गोष्टीचा सगळा रस त्या एका प्रश्नात आटतो. रंगात आली की थांबा आणि उद्या म्हणा. तो पुस्तक ओढून पुढचं पान बघायला लागला की तुमचं अर्धं काम झालं. आपल्याकडं जून-जुलैत पावसाची सुट्टी पडते ना शाळेला, कणकुंबी-जांबोटीकडं तर सलग पडते, ते दिवस यासाठी सोन्यासारखे आहेत. आणि सासूबाईंना वाचता येत नसेल तरी त्यांना गोष्ट सांगायला लावा, ऐकून ऐकून ज्याच्या डोक्यात गोष्टीची भाषा बसलीय त्याला छापलेलं पान परकं वाटत नाही.

पुस्तकं कुठून आणायची म्हणाल तर मोबाईललाच कामाला लावा. बेंगळुरूच्या प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर 2015 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत ढीगभर चित्रांच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या चार पातळ्या केल्यायत, त्याला पहिल्या पातळीच्याच द्या, वयानं मोठा आहे म्हणून तिसरीवर उडी मारू नका. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक पण ऑनलाईन मोफत आहेत, ते तुम्ही वाचून दाखवायला घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या लायब्ररीत जा. 2020 मध्ये आपल्या कर्नाटकात 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, म्हणून कार्यक्रम सुरू झाला, त्यात शाळेतल्या मुलांना या लायब्ररीचं सदस्यत्व मोफत केलंय. मराठी पुस्तकं नसतील तर चार पालक मिळून पंचायतीला लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं तिथं कुणी लक्षात ठेवत नाही.

इंग्लिश मीडियमचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता अजिबात हलवू नका. जे पोर घरच्या भाषेतला शब्द वाचताना अडतंय त्याला न कळणाऱ्या भाषेतला शब्द दिला तर ते परत पाठांतरच करणार, आणि तिथं ते पाठांतर आपल्याला ओळखू पण येणार नाही.

प्रश्न: बाई, मी निपाणी भागात शिक्षक आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, एका वर्गात तीन इयत्ता बसवतो. मुलांनी स्वतःचं लिहावं असं फार वाटतं, पण निबंध दिला की सगळ्यांचा एकसारखाच येतो. 'माझी आई खूप प्रेमळ आहे.' पैसे नाहीत, वेळ तर त्याहून नाही.

उत्तर: सर, ते वाक्य मुलांचं नाहीच मुळी, ते गाईडचं आहे आणि आपणच फळ्यावर लिहून दिलेलं आहे. ज्या मुलाची आई पहाटेपासून विड्या वळायला बसते त्याच्याकडं आईबद्दल सांगायला कितीतरी आहे, पण ते वहीत चालतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

चौथीतल्या एका मुलीनं लिहिलेलं बघा: 'काल रात्री आमच्या म्हशीला रेडकू झालं. बाबा झोपलेच नाहीत. मी बॅटरी धरलो. रेडकू उभारताना तीनदा पडलं. आई म्हणाली हसू नको.' पाच वाक्यं. आता यात लाल पेन घेऊन 'धरलो' खोडून 'धरली' करायचं, 'उभारताना' ला गोल करायचा, आणि खाली 'शुद्धलेखन सुधारा' लिहायचं, असं केलं तर ती पुढच्या वेळी काय लिहील? माझी आई खूप प्रेमळ आहे, हेच लिहील, त्यात चूक सापडत नाही ना. त्याऐवजी खाली एवढंच लिहा, 'रेडकाचं नाव काय ठेवलंत? तू का हसलीस?' बघा, दुसऱ्या दिवशी ती उत्तर लिहून आणते की नाही. आपल्या भागातल्या मुली घरात मी आलो, मी गेलो असंच बोलतात, त्यांच्या आया, आज्या तसंच बोलत आल्यात, ती चूक नाही, ती त्यांची बोली आहे. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, परीक्षेला लागते, पुढं नोकरीला लागते, पण त्याचा तास वेगळा ठेवा. त्या तासाला फळ्यावर तुमची वाक्यं घ्या आणि सगळ्यांनी मिळून बदला. मुलानं मनातलं सांगितलं त्याच क्षणी व्याकरण काढायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. आणि चुकलेला शब्द दहा दहा वेळा लिहून आणायची शिक्षा तर कायमची बंदच करा सर, लिहिणं म्हणजे शिक्षा हे एकदा मुलाच्या मनात बसलं की निघता निघत नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज सगळ्यांच्या वह्या बघायची गरजच नाही. एक जाड वही वर्गाची ठेवा, रोज एकानं त्यात काल काय झालं ते लिहायचं, पाच ओळी पुरे, आणि सकाळी प्रार्थना झाली की त्यानंच ती सगळ्यांना वाचून दाखवायची. पहिली-दुसरीतल्यांनी तोंडी सांगायचं आणि पाचवीतल्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, मग त्या लहानग्याला त्याचंच वाक्य दाखवायचं. आपण बोललो ते इथं लिहिलंय आणि दादा ते वाचतोय, हे ज्याला दिसलं त्याला वाचायचं कशाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय तुमच्या तीन इयत्ता एका खोलीत असण्याचा हा फायदाच आहे, मोठ्या शाळेत हे जमवायला वेगळं टाइमटेबल करावं लागेल.

विषय देताना छोटा द्या. 'पावसाळा' देऊ नका, 'दप्तर भिजलं तो दिवस' द्या. 'माझा आवडता सण' देऊ नका, 'यल्लम्माच्या जत्रेला जाताना गाडीत कोण कोण होतं' द्या. जत्रेची यादी करायला लावा, दुकानाची चिठ्ठी लिहायला लावा, आजारी पडलेल्या मित्राला पत्र लिहायला लावा आणि ते पत्र खरंच त्याच्या घरी पोचवा. मूल कागदाला घाबरत नाही हो, ते न वाचल्या जाणाऱ्या कागदाला कंटाळतं.

आणि एक सुचवते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी आपल्या गावागावांतून दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, एवढ्या निष्ठेनं लोक ती भरवतात याचा मला फार अभिमान आहे. पण आपली मुलं तिथं ग्रंथदिंडीत लेझीम खेळून दमतात आणि मग मांडवाच्या मागं बसून राहतात. तुमच्या जवळ जिथं संमेलन होत असेल तिथल्या आयोजकांना भेटा, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्षांना बरोबर घेऊन जा, आणि व्यासपीठावर पंधरा मिनिटं मागून घ्या, मुलांनी स्वतः लिहिलेलं स्वतः वाचायचं. भाषण पाठ करून नाही, त्या वर्गाच्या वहीतलंच.

प्रश्न: माझा नातू बेळगावात मराठी शाळेत दुसरीला आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही एकदम चालू आहे. लिप्यांचा गोंधळ होऊन मराठी वाचन मागं पडेल का? एक आजोबा, शहापूर

उत्तर: आजोबा, नाही पडणार. एका भाषेत वाचायचं कसब आलं की दुसरीत फक्त नवी अक्षरं शिकायची असतात, वाचणं परत शिकायला लागत नाही. त्यातून कन्नड आणि मराठीचं तर जुनं नातं, दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या, वर्णमालेचा क्रम तोच, क ख ग घ, च छ ज झ, ळ सुद्धा दोघींकडं आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, तेवढं त्याला शाळेत बाई सांगतील. सुरुवातीला अक्षरांची थोडी सरमिसळ होईल, होऊ दे, ती जाते. कन्नडबद्दल घरात नाराजीनं बोलू नका एवढंच कळकळीनं सांगते, मोठ्यांचा राग मुलाच्या अभ्यासात उतरतो. मराठी जपायची तर घरात मराठी पुस्तकं येऊ द्या, ते आपल्या हातात आहे.

तुम्हाला वेळ आहे, हा मोठा ठेवा आहे. त्याला घेऊन स्टँडवर जा, आपल्या गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये, कोल्हापूरकडून आलेल्या एसटीच्या देवनागरीत, दोन्ही वाचायचा खेळ करा, जो आधी वाचेल त्याला कुंदा. घरी पेपर येत असेल तर मोठे मथळे त्याला वाचू द्या. आणि आपलं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, रविवारी त्याला तिथं न्या. पुस्तक तुम्ही निवडू नका, त्याला कपाटासमोर सोडा, त्यानं चित्रं बघून भलतंच काही उचललं तरी तेच घरी आणा, आणि आवडलं नाही म्हणाला तर अर्धवट परत करायची मुभा द्या.