इंदूरच्या सुदामा नगरच्या ताईंना: आधी नोटिशीचं उत्तर द्या, डायव्हर्जनचं मग बघू

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. घराच्या खालच्या खोलीत फराळ आणि नानकटाईचं काम, ओव्हन आल्यापासून शेजाऱ्यांची तक्रार, आता सात दिवसांची नोटीस, आणि कोणीतरी दिलेला सल्ला की "डायव्हर्जन करवा लो, कमर्शियल हो जाएगा", म्हणजे महसूल खात्यात जमिनीचा वापर बदलल्याची नोंद करून घ्या. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. अगदी याच शब्दांत मला सांगितलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून मी जवळजवळ तीन लाख रुपये आणि दीड वर्ष घालवलं.

रजिस्ट्री, नामांतरण, संपत्तिकराच्या पावत्या हे सगळं तुमच्याकडे असेलच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला कागद दाखवाच. मी फक्त माझ्यावर काय बेतलं ते सांगते.

आमचं घर राजेंद्र नगरच्या पुढे, राऊकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत. बाराशे फुटांचा प्लॉट, सासूबाईंच्या नावावर. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं मी आधी हातानं करायची. लोकमान्य नगर, रामबाग, टिळक नगर इथून ऑर्डरी यायच्या. 2021 च्या दिवाळीनंतर वाटलं की आता पल्व्हरायझर (दळणाचं यंत्र) घ्यावा, थ्री-फेज मीटर घ्यावं. एका एजंटनं सांगितलं की घराची जमीन "आवासीय"मधून "व्यावसायिक" करून घ्या, मग कोणी बोट लावणार नाही. त्यानं डायव्हर्जन केलं. प्रीमियम, शुल्क आणि त्याची फी धरून अडतीस हजार गेले. पावती आली, तिच्यावर "व्यावसायिक" शब्द होता, मी ती देव्हाऱ्याजवळ ठेवली. लगेच यंत्र बुक केलं.

चूक इथेच झाली. डायव्हर्जन हा महसुलाचा विषय. 1959 च्या भू-राजस्व संहितेखाली जमिनीवर सारा किती बसायचा, एवढंच त्यात ठरतं. 2018 च्या दुरुस्तीनं त्यातलं जुनं कलम 172 काढलं. तेव्हापासून आकारणी आपणच करायची, पैसे भरायचे आणि एसडीओंना (महसुलाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांना) कळवायचं. म्हणजे पूर्वी निदान फाइल कोणाच्या तरी टेबलावरून जायची, कोणी विचारायचं की बाई, इथे काय करणार? आता पैसे भरले की पावती निघते. त्या जागी तो धंदा चालतो की नाही हे त्या पावतीवर कुठेच नसतं. ते ठरतं शहराच्या विकास योजनेवरून, आणि तो कायदाच वेगळा: 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम. आपल्या इंदूरला 2021 ची योजना लागू आहे, ती 2008 पासून अमलात आहे. तिच्या नावातलं साल उलटून गेलं म्हणून ती संपली असं समजू नका, नवीन येईपर्यंत तीच चालते.

त्यामुळे नोटीस आली तेव्हा माझ्याकडे डायव्हर्जन होतं, गुमास्ता (दुकान-धंद्याच्या नोंदणीचा दाखला) होता, फूड लायसन्सची नोंदणी होती, व्यावसायिक दरानं भरलेल्या संपत्तिकराची पावती होती. चारही कागद खरे होते. सुनावणीत साहेबांनी चारही बघितले आणि विचारलं, "लैंड यूज क्या है?" म्हणजे विकास योजनेत ही जागा कोणत्या उपयोगासाठी दाखवली आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. संपत्तिकर तुम्ही जसा वापर करता तसा घेतात, वापर योग्य आहे म्हणून घेत नाहीत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी यंत्र घेतलंच नसतं.

आणि त्यानंतरचे सात महिने एका कार्यालयात गेले. नाव घेत नाही. तिथे मी "भू-उपयोग परिवर्तन"चा अर्ज दिला, त्यांनी तो ठेवून घेतला. दर पंधरा दिवसांनी जायचं, खिडकीतून ऐकायचं, "फाइल ऊपर गई है मैडम, अगले हफ्ते देख लीजिए." मी भर उन्हात दोन बस बदलून जायची, सासूबाईंना शेजारच्या मुलीवर सोपवून. सातव्या महिन्यात नवीन बाबू आले, त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले की हा विषय आमच्याकडे येतच नाही. मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. तेही देईनात. पहिल्याच दिवशी "हे आमचं काम नाही" असं एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं? आजही तो जिना आठवला की घसा दाटतो. पैशांचं नुकसान भरून निघालं, ते सात महिने नाही निघाले.

माझ्या अर्जाला आवक क्रमांक नव्हता, ही माझी दुसरी चूक. मी नुसती झेरॉक्सवर सही घेतली होती, तीही शिक्क्याशिवाय. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. सव्विसाव्या दिवशी लेखी उत्तर आलं: असा कुठलाही अर्ज नोंदलेला नाही. तेव्हा ताई, कुठलाही कागद द्याल तिथे आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रागावले तरी चालेल. ऐकतच नसतील तर कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते, तिथे द्या, नाहीतर 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. 181 ची तक्रार "तोडगा झाला का" असं विचारून फोनवर बंद करून घेतात, काम झालेलं नसताना "हो" म्हणू नका.

आता खरोखरचं भू-उपयोग परिवर्तन, ज्याला आपण रिझोनिंग म्हणतो, त्याबद्दल. ते 1973 च्या कायद्याच्या कलम 23-क खाली होतं आणि ते कोणा झोन ऑफिसातून मिळत नाही. (आपल्याकडे "झोन" म्हटलं की निगमचं (महानगरपालिकेचं) झोन ऑफिस डोळ्यांपुढे येतं, त्यातूनही माझा गोंधळ झाला होता.) त्यात राज्य सरकार शहराच्या योजनेतच बदल करतं. तुमच्या अर्जातलं काम समाजाच्या हिताचं आहे हे आधी पटवावं लागतं. मग मसुदा निघतो, दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस सूचना छापतात, हरकतींसाठी किमान पंधरा दिवस देतात, त्या ऐकून मग निर्णय. विचार करा, ज्या शेजाऱ्यांनी आज तक्रार केली तेच तिथे पहिली हरकत घेतील. माझं स्पष्ट मत आहे की एका घरातल्या फराळाच्या धंद्यासाठी या वाटेला जाऊच नये. शाळा, दवाखाना, मोठं गोदाम अशांसाठी ती वाट ठीक. कोणाला छोट्या धंद्यासाठी यात यश आलं असेल तर त्यांनी जरूर सांगावं, मी तरी आमच्या ओळखीत पाहिलेलं नाही.

त्याऐवजी हे करा. टी अँड सी पी म्हणजे नगर तथा ग्राम निवेशच्या कार्यालयातून खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर देऊन भू-उपयोगाची लेखी माहिती घ्या, आणि त्याचबरोबर तुमच्या कॉलनीच्या मंजूर अभिन्यासाची (ले-आउटची) प्रमाणित प्रत. दोन्ही हवेत. योजनेत रस्त्याच्या कडेला सवलत असली तरी अभिन्यासात तुमचा प्लॉट फक्त राहण्याचा दाखवला असेल तर तिथेच अडतं. प्लॉट लीजचा असेल तर लीज डीड काढून वाचा, वापराची अट त्यात वेगळी लिहिलेली असते. मग योजनेतला उपयोगांचा तक्ता बघा. त्यात आवासीय क्षेत्रात काय "स्वीकृत" आणि काय "स्वीकार्य" असं वेगवेगळं दिलंय. स्वीकृत म्हणजे चालतंच, स्वीकार्य म्हणजे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. तुमचं काम यातल्या कुठल्या शब्दात बसतं हे शोधायला एक संध्याकाळ द्या. मी माझ्या अर्जात एजंटच्या सांगण्यावरून "मसाला फैक्ट्री" लिहिलं होतं. घरातल्या चार बायका भाजणी दळतात त्याला फॅक्टरी म्हटलं की समोरचा फॅक्टरीचेच नियम लावणार.

एजंट "कंपाउंडिंग करून देतो" म्हणतील. कंपाउंडिंग हे नकाशापेक्षा जास्त बांधलेल्या भागाचं असतं, वापर बदलण्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी एक पैसा देऊ नका. आणि "सगळेच करतात" यावर तर मुळीच जाऊ नका. सराफ्यात दिवसा सोनं आणि रात्री भुट्ट्याचा कीस विकतात, तेव्हा आपल्याला वाटतं इंदुरात कुठेही काहीही चालतं. पण तो जुना बाजार आहे, आपली कॉलनी नाही. शिवाय 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाचा मेरठच्या शास्त्री नगरबद्दलचा निकाल आला. राहण्यासाठी दिलेल्या प्लॉटवर दुकानं काढली होती, ती पाडण्याचा आदेश कायम राहिला, आणि अनधिकृत इमारतीत कोणालाही धंद्याचा परवाना देऊ नये असं सगळीकडच्या यंत्रणांना बजावलं. त्यानंतर अधिकारीही कचरतात, त्यांना दोष देता येत नाही.

शेजाऱ्यांबद्दल एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या समोरच्या काकूंनी तक्रार केली तेव्हा मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. पण मिरची दळली की त्यांच्या दम्याच्या नातवाला ठसका लागायचा, हे खरंच होतं. मी आधी त्यांच्याकडे जाऊन वेळ ठरवून घेतली असती, एक्झॉस्ट मागच्या बाजूला काढला असता तर कदाचित नोटीसच आली नसती. तुम्ही आजच जा. ओव्हनची वेळ, गाड्या कुठे लागतात, एवढं तरी विचारा.

मी शेवटी काय केलं? दळण पालद्याच्या औद्योगिक भागात हलवलं. तिथे एकानं शेडचा कोपरा भाड्यानं दिला, पल्व्हरायझर तिकडे गेला, थ्री-फेज मीटरही तिथेच घेतलं. घरी फक्त निवडणं आणि भाजणं, तेही हातानं, पूर्वीसारखं. भाडं जातं, पण रात्री झोप लागते. तुमचाही ओव्हन बाहेर हलवून चकल्या-लाडू घरी ठेवता आले तर बघा. आणि जागा बदललीत तर फूड लायसन्स, गुमास्ता, वीजबिल, जीएसटी असेल तर तो, सगळीकडे पत्ता अक्षर न अक्षर सारखा करा. माझ्या दोन कागदांवर "सेक्टर" वेगळा होता, त्यापायी बँकेनं कर्ज अडवलं होतं.

पण हे सगळं नंतर. आधी नोटिशीचं उत्तर. माहिती गोळा व्हायची असली तरी सात दिवसांच्या आत एक पानाचा अर्ज द्या: नोटीस मिळाली, भू-उपयोगाची प्रमाणित प्रत मागवली आहे, तोवर तीस दिवसांची मुदत द्यावी, दरम्यान ओव्हन बंद ठेवत आहे. आणि तो खरंच बंद ठेवा, ते येऊन बघतात. उत्तरात डायव्हर्जनचा शब्दही काढू नका. नोटिशीवर वरच्या बाजूला कुठल्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय तेवढं इथे सांगा, नाव-पत्ता झाकून. माझ्या नोटिशीची आणि दिलेल्या उत्तराची प्रत अजून आहे. तुमचं कलम तेच असेल तर मसुदा आज रात्रीच टाईप करून देते.