चावीने उघडलं तरी घरफोडीच

प्रश्न : गावाकडचं आमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, आणि चावी बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची सवय पार आईच्या काळापासूनची. डिसेंबरात कुणीतरी तीच चावी काढून आत शिरलं, कपाट उचकटलं, पण दागिने-पैसे तिथं नव्हतेच म्हणून गेलं काहीच नाही. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी साडेसातला आत बॅटरीचा उजेड बघितलेला. पोलीस ठाण्यात म्हणाले, कुलूप तुटलं नाही, चोरी झाली नाही, मग घरफोडी कसली, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून देतो. खरंच असं असतं का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : नाही हो. घरफोडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तुटलेला कडी-कोयंडाच येतो, पण कायद्यात ‘फोडी’चा अर्थ बराच मोठा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीचे सहा प्रकार दिलेत आणि घरात घुसण्यासाठी कुलूप उघडणं हा त्यातलाच एक. तिथं उदाहरणच आहे की घरमालकाची हरवलेली चावी कुणाला सापडली आणि त्या चावीनं दार उघडून तो आत शिरला तर ती घरफोडी. तुमची चावी हरवली नव्हती, कोनाड्यात होती, एवढाच काय तो फरक. घर बंद होतं म्हणूनही काही बिघडत नाही, सामान ठेवायची जागा असली तरी पुरतं.

आता चोरी झाली नाही याचं. कायदा बघतो की माणूस आत कशासाठी शिरला. चोरी करायच्या इराद्यानं रात्री घरफोडी केली तर कलम ३३१(४) खाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग हाताला काही लागो न लागो (ही कमाल हां, सगळ्यांना तेवढी होते असं नाही). दिवसा केली तर १० वर्षांपर्यंत. आणि रात्र म्हणजे आपण समजतो तशी जेवणानंतरची नाही, सूर्यास्त ते सूर्योदय, त्यामुळे डिसेंबरातले साडेसात म्हणजे रात्रच, म्हणून काकूंचा जबाब फार महत्त्वाचा आहे. इरादा दाखवायला ते उचकटलेलं कपाट आहे. पंचनामा व्हायच्या आधी आवरलं नसेल तर बरं, पण आपल्याकडे आधी घर झाडून काढतात आणि मग पोलिसात जातात! निदान फोटो तरी असतील तर जपून ठेवा.

आता ते एनसीचं. अदखलपात्र म्हणजे ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकत नाहीत तो; दखलपात्र गुन्ह्यात तशी परवानगी लागत नाही. घरफोडी सोडा, साधी गृह-अतिक्रमणाची, म्हणजे गैर हेतूनं दुसऱ्याच्या घरात शिरल्याची केससुद्धा दखलपात्र आहे, तेव्हा एफआयआरच मागा, तिची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर सगळी हकीकत लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर न्याय संहितेच्या आधीचं जुनंच आयपीसी (भारतीय दंड संहिता) लागेल, म्हणजे त्यातलं कलम ४५७ वगैरे.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा बॉल आणायला शेजाऱ्यांच्या कंपाउंडवरून उडी मारून गेला. ते म्हणतात अतिक्रमणाची केस टाकतो. टाकता येते?
— एक आई, नाशिक

उत्तर : धमकी द्यायला काय जातंय! दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवला की लगेच फौजदारी अतिक्रमण होत नाही. काही गुन्हा करायचा, किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला घाबरवायचं, त्याचा अपमान करायचा नाहीतर त्रास द्यायचा, असा हेतू लागतो. बॉल आणणं यातल्या कशातच बसत नाही. मात्र ‘निघ इथून’ म्हटल्यावरही मुद्दाम त्रास द्यायला तिथंच उभं राहून शिव्या घातल्या तर बसू शकतं. तसं झालंच तरी मोठ्या माणसालासुद्धा शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि या गुन्ह्यात तडजोडही करता येते. त्यापेक्षा एकदा मुलाला घेऊन त्यांच्याकडे चहाला जाऊन या, बॉलही परत मिळेल.