रायफलच्या बॅरेलचं गॅस पोर्ट वेगळ्या डिझाइनचं असलं तर खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की एका सरळ गोल भोकाऐवजी तिरकं किंवा दोन-तीन बारीक भोकांचं गॅस पोर्ट (बॅरेलमधला गॅस बाहेर घेऊन रायफल आपोआप चालवायचं भोक) असेल तर रायफल सुधारते का, का नुसती जाहिरात आहे. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आता कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ-ड्रिलिंगचं वर्कशॉप चालवतो, त्यामुळं दोन्हीकडनं सांगतो. भोक गोल की तिरकं, एक की तीन, यानं फार काही होत नाही, भोक बॅरेलवर कुठं मारलंय आणि त्यातनं गॅस किती जातोय यावर सगळं चालतंय.

गोळी पोर्टच्या पुढं सरकली की मागचा गॅस भोकातनं वर पिस्टनकडं जातो, आणि गोळी बॅरेलच्या तोंडातनं बाहेर पडली की दाब उतरला. मध्ये मिलिसेकंदाचा लहानसा तुकडा मिळतो बघा, त्यात बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद ठेवणारा सरकता भाग, मागं ढकलायचा असतो. अमेरिकेच्या एम-16 रायफलचं बॅरेल 20 इंची, तिच्या आखूड भावंडाचं, एम-4 चं 14.5, म्हणून एम-4 मध्ये पोर्ट चेंबरजवळ (काडतूस बसतं त्या जागेजवळ) आणावं लागलं आणि तिथं दाब जास्त, त्यामुळं बोल्टवर ताण जास्त आणि भोकाच्या कडा पण लवकर जळतात. भोक झिजून मोठं झालं की गॅस वाढतो, गन जोरात आपटायला लागते. शेताच्या पाइपलाइनीत कॉक जिथं अर्धा बंद तिथंच पाणी ठरतंय, मागची पाइप सरळ असू दे नाहीतर वाकडी, तसंच इथं सगळ्यात अरुंद जागा गॅस ठरवते.

आता हिशोबच करा. 2 मिमीचं एक भोक घ्या आणि त्याऐवजी 1.4 मिमीची दोन घ्या, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच येतंय, पण कडांची एकूण लांबी 6.3 मिमीवरनं 8.8 वर गेली, म्हणजे जळायला कड जास्त आणि कार्बन धरायला जागा पण जास्त. तिरक्याचं तर आणखी वाईट. 45 अंशात ड्रिल मारलं की नळीच्या आत गोल भोक राहत नाही, 2 मिमीचं 2.8 मिमी लांब अंडाकृती होतं आणि एका बाजूची कड सुरीसारखी पातळ राहते, ती आधी जळते. जुन्या रशियन एके रायफलीत पोर्ट असंच तिरकं होतं, एके-74 मध्ये पुढं ते सरळ 90 अंशात केलं.

ड्रिल मारल्यावर आत बर (कडेला उरलेला धातूचा खरखरीत काठ) राहतो तो वेगळाच. पुल-थ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंदी लावून नळीतनं ओढली की बर असलेल्या ठिकाणी ती हलकीशी अडकते, हाताला कळतंय, आणि बाहेर काढून बघितलं की एकाच रेषेत दोरे उपसलेले दिसतात. तसल्या बॅरेलमधनं प्रत्येक गोळी खरवडत जाणार, मग डिझाइन किती का भारी असेना.

वेगळेपणाचा सगळ्यात मोठा प्रयोग जर्मनांनी केला. त्यांच्या गेव्हेअर 41 रायफलीत बॅरेलला भोकच नको असा आग्रह होता, म्हणून गॅस तोंडाशी टोपीत अडवून वापरला. तोंड जड झालं, आत काजळी साचायला लागली, आणि 1943 ला गेव्हेअर 43 मध्ये साधं भोक आणि पिस्टन घेतलं. अमेरिकेच्या गॅरँड रायफलची सुरुवातीची रचना पण तोंडाशी गॅस धरायची होती, ती बदलून त्यांनीही बॅरेलला भोक पाडलं.

फायदा कुठं झालाय ते पण सांगतो. आपल्या फौजेच्या जुन्या एसएलआर रायफलचा गॅस रेग्युलेटर मला अजून आवडतो. भोक तेच, पण जादा गॅस बाहेर सोडायची सोय, नंबर फिरवत पुंगळी व्यवस्थित बाहेर पडेपर्यंत सेट करायचं. घाण झाली, थंडी वाढली तरी जवानाच्या हातात काहीतरी राहतं. आणि एमपी5 एसडी या सायलेन्सरवाल्या सबमशीनगनच्या बॅरेलला 30 भोकं आहेत, पण ती बोल्टसाठी नाहीतच, गोळीचा वेग आवाजाच्या वेगाखाली आणायला आहेत. म्हणजे कामच वेगळं असेल तर वेगळं डिझाइन लागतंच.

नेमबाजीसाठी विचारत असाल तर हा विषयच सोडा. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्या प्रकारातल्या .22 बोल्ट अ‍ॅक्शन (बोल्ट हातानं ओढायच्या) रायफलीला गॅस पोर्टच नसतं.

जे बॅरेल विकतायत त्यांना एवढंच विचारा, हजारो राउंडनंतर भोक किती वाढलं आणि बोल्टचा वेग किती बदलला. मोजून काढलेले आकडे दिले तर इथं टाका, मी बघून सांगतो.